आणि एक वस्तरा घ्यायची खाज येते कुठून?

वस्तऱ्यानं दाढी करायला एकदा हात बसला की परत प्लास्टिकच्या रेझरकडे जावंसं वाटत नाही, हे मी मनापासून सांगतो. पण या नादाच्या मागोमाग दुसरा एक नाद घरात शिरतो, वस्तरे जमवायचा. आधी एक येतो, मग कोणतरी सांगतं की इंग्लंडमधल्या शेफील्डचा जाड पात्याचा वेगळाच चालतो, मग जर्मनीतल्या सोलिंगनचा, पात्याच्या दोन्ही बाजू खोलगट घासलेला बघायचा असतो, मग फ्रान्सचा, मग स्पेनचा, आणि आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडे जी थोडी मंडळी या नादात आहेत त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे ड्रॉवर भरलेत. घरचे विचारतात, "आणि एक कशाला घ्यायलास रे?" आणि याला पटेल असं उत्तर कुणालाच देता येत नाही.

उत्तर आहे, पण ते मेंदूत आहे. आपल्याला वाटतं की एखादी गोष्ट आवडते म्हणून ती हवी असते. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात केंट बेरिज यांनी उंदरांवर जे काम केलं त्यातून दिसलं की 'हवं असणं' आणि 'आवडणं' या मेंदूतल्या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन जवळजवळ संपवून टाकलं तर ते स्वतःहून खायला जात नाहीत, समोर खाणं असलं तरी उपाशी मरतील, पण तोंडात साखरेचं पाणी सोडलं की तसेच ओठ चाटतात. म्हणजे आवड शाबूत, ओढ गेली. याच्या उलटंही होतं, ओढ वाढत जाते आणि आवड आहे तिथंच राहते, आणि जमवणाऱ्याचं नेमकं हेच झालेलं असतं. दहावा वस्तरा पहिल्यापेक्षा जास्त हवासा वाटतो पण हातात आल्यावर पहिल्याइतका आनंद काही देत नाही.

ही ओढ कधी उसळते तेही बघण्यासारखं आहे. 1990च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ माकडांच्या डोपामिन पेशींची नोंद घेत होते. सुरुवातीला रसाचा थेंब मिळाला की पेशी चेकाळायच्या. नंतर माकडाला कळलं की आधी दिवा लागतो आणि मग रस येतो, तेव्हा पेशी दिव्यालाच चेकाळायला लागल्या, रस आला तरी गप्प. आता रात्री जेवण झाल्यावर मोबाईलवर ऑनलाइन लिलावातल्या वस्तऱ्यांचे फोटो बघणारा माणूस आठवा. त्याचा दिवा म्हणजे तो फोटो. पार्सल घरी येईपर्यंत मेंदूतला सोहळा उरकलेला असतो, म्हणून तर पार्सल फोडलं त्याच रात्री माणूस पुढचा फोटो बघायला लागतो.

शुल्ट्झ यांच्याच गटानं 2003 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली, रस मिळेल की नाही याची शक्यता अर्धीअर्धी असते तेव्हा वाट बघतानाची डोपामिनची हालचाल सगळ्यात जास्त असते. गंजलेला जुना वस्तरा नेमका असाच असतो. फोटोत तपकिरी डाग दिसतात, धारेला टवका आहे की नुसती घाण आहे ते कळत नाही, घासल्यावर खालून आरशासारखं पातं निघेल किंवा सगळा पैसा पाण्यात जाईल. त्यात लिलाव, शेवटची दोन मिनिटं, आणि दुसरा कोणतरी बोली वाढवतोय. चांगल्या शहाण्या माणसाचा तोल जातो त्यात आणि त्याबद्दल त्याला कमी लेखू नये असं मला वाटतं, कारण ही मेंदूची जुनी घडण आहे.

'हा गेला तर परत मिळणार नाही' ही भीती मात्र तपासून बघावी. जिलेटचा बदलत्या पात्याचा रेझर 1903 मध्ये विक्रीला आला, त्याच्या आधी दाढी करायची म्हणजे बहुतेक वस्तराच, त्यामुळे शेफील्ड आणि सोलिंगनमधून जगभर वस्तरे गेलेत. आमच्याकडे कॅन्टोन्मेंट होतं, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आजही बेळगावात आहे, पलटणीत गेलेल्यांच्या जुन्या घरात ट्रंकेत एखादा निघाला तर त्यात आश्चर्य नाही. आता सलूनमध्ये ब्लेड अर्धं मोडून वस्तऱ्याच्या दांडीत घालतात आणि गिऱ्हाईक झालं की टाकून देतात, ते चांगलंच आहे, पण जुनी अखंड पाती त्यामुळे धोकटीतून बाहेर पडली. मुद्दा एवढाच की माल भरपूर आहे आणि पुढच्या महिन्यातही असणार आहे.

मग ओढ आवरायची कशी? स्टॅनफर्डच्या ब्रायन नटसन यांच्या गटानं 2007 मध्ये लोकांना स्कॅनरमध्ये घालून आधी वस्तू दाखवली आणि मग किंमत. आवडती वस्तू दिसली की मेंदूतला ओढीचा भाग जागा व्हायचा, किंमत जास्त वाटली की इन्सुला नावाचा भाग, जो त्रास झाल्यावरही जागा होतो. पैसे जाण्याचा हा त्रास थोडा जाणवला पाहिजे. मोबाईलमध्ये कार्ड सेव्ह असलं की तो जाणवतच नाही, म्हणून सेव्ह केलेलं कार्ड काढून टाका, लिलावाचं नोटिफिकेशन बंद करा, म्हणजे दिवाच लागणार नाही. आणि घ्यावासा वाटला तर वहीत नाव, किंमत, तारीख लिहून महिनाभर थांबा. अ‍ॅलन मार्लॅट हे मानसशास्त्रज्ञ व्यसनातल्या लोकांना शिकवायचे की तलफ आली की तिच्याशी भांडू नका, ती चढते कशी, कुठं जाणवते आणि उतरते कशी ते नुसतं बघा. उतरते ती, खरंच उतरते.

पण नुसतं रोखून भागत नाही, आवडीच्या बाजूला काहीतरी द्यायला लागतं आणि इथं वस्तऱ्यासारखी वस्तू नाही. 2020 मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दाढी करून बघितली, म्हणजे केस कापताना पात्याचं काय होतं ते. केस स्टीलपेक्षा सुमारे पन्नास पट मऊ, तरी धारेचे बारीक टवके उडतात, कारण स्टील सगळीकडे सारखं नसतं आणि केस तिरका वाकून नेमका कमजोर जागी ताण देतो. म्हणून धार ही रोज सांभाळायची गोष्ट आहे. चामड्याच्या पट्ट्यावर पातं सपाट टेकवायचं, पाठ पुढे, धार मागे, वळवताना पाठीवरूनच वळवायचं, जोर अजिबात नाही. दगडावर घासताना पाठ आणि धार दोन्ही टेकलेली पाहिजेत, कोन पाठीच्या जाडीवर ठरतो, तुम्ही ठरवायचा नाही. हे एका वस्तऱ्यावर नीट जमायला महिने जातात, आणि जो त्यात रमतो त्याला फोटो बघायला वेळच कुठं राहतो.

शिवाय आमचा पाऊस. जुन्या वस्तऱ्याच्या स्टीलमध्ये साधारण एक टक्का कार्बन असतो आणि गंज थोपवायला लागतं तेवढं क्रोमियम नसतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत खानापूर, जांबोटीकडे हवाच ओली, त्यात दाढी झाल्यावर मुठीच्या खिळ्यापाशी पाणी अडकलं की नारिंगी ठिपके तिथून सुरू होतात आणि बाहेरून दिसत नाहीत. टिश्यू मुठीच्या फटीत घालून पुसायचं, पात्याला शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवायचा, चामड्याच्या पाकिटात बंद करून ठेवायचं नाही. दोन वस्तऱ्यांचं हे आनंदानं होतं. वीस असले की काही सडणारच.

जास्तीचे विकायला काढलेत तर अजून एक अडचण येते. काह्नेमन, क्नेच आणि थेलर यांनी 1990 मध्ये साध्या कॉफीच्या मगवर दाखवून दिलं की वस्तू आपली झाली की तिची किंमत आपल्याला घेणाऱ्याच्या दुप्पटीच्या आसपास वाटते. म्हणून प्रत्येक वस्तरा हातात घेऊन विचारायचं, हा आज माझ्याकडे नसता तर किती देऊन घेतला असता? तेवढ्याला जाऊ द्या, किंवा धार लावून एखाद्या शिकणाऱ्या पोराला द्या.

जमवणं हा आजार नाही. पण कर्ज व्हायला लागलं, पार्सल लपवायला लागलात, थांबायचं ठरवून थांबता येईना, तर मात्र तज्ञाशी बोला. धारवाडला मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही आणि कन्नडमधेही बोलता येतं.