एकाआधी कितीही तीन लिहिले, तरी संख्या मूळच राहते का?

‘३१, ३३१, ३३३१ याप्रमाणे १ च्या आधी ३ वाढवत गेल्यास येणारी प्रत्येक संख्या मूळ असते’, हा दावा वर्षानुवर्षे फॉरवर्ड होत आला आहे. तो खरा वाटावा यात नवल नाही, कारण ३१ पासून ३,३३,३३,३३१ पर्यंतच्या सातही संख्या खरोखरच मूळ आहेत. त्यातल्या शेवटच्या संख्येची खात्री हाताने करायची, तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे सुमारे ५,७७३ पर्यंतच्या, प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहावे लागते, आणि एवढा खटाटोप सहसा कोणी करत नाही.

गाडी अडते ती आठव्या पायरीवर. ३३,३३,३३,३३१ ला १७ ने भागून पाहावे. ३३ मध्ये १७ एकदा जातात आणि बाकी १६ उरते. पुढचा ३ उतरवला की १६३ होतात, त्यात १७ नऊ वेळा जाऊन बाकी १० उरते. असे करत शेवटी ५१ येतात आणि सतरा त्रिक एक्कावन्न होऊन बाकी शून्य राहते. भागाकार १,९६,०७,८४३ येतो.

हा एकटादुकटा अपवादही नव्हे. ओळीने पंधरा वेळा १ लिहून होणाऱ्या संख्येला ३१ ने निःशेष भाग जातो, म्हणून पंधरा तिनांच्या संख्येलाही जातो. तिच्यापुढे दोन शून्ये देऊन ३१ मिळवले, की सोळा तीन आणि शेवटी एक अशी सतरा अंकी संख्या तयार होते, जी अर्थातच ३१ च्या पटीत असते. पुढेही दर पंधरा अंकांनंतर हेच घडत राहते.