बेंदराचा बैल, कुरणशाळा आणि पांगुळगाडा

बेंदूर हा बैलांचा सण जवळ आला की आमच्या सांगलीच्या बाजारात मातीचे बैल मांडलेले दिसतात. पूजा उरकली की त्यातला एखादा घरातल्या लहानग्याच्या हाती लागतो. यंदा माझ्या चार वर्षांच्या पुतण्याने बैलाचं शिंग मोडलं. मग परड्यातल्या चिखलाचं नवं शिंग लावलं. ते वाळून गळालं. दुसरं पाणी जास्त झाल्यानं वाकलं. तिसऱ्या खेपेला त्यानं माती नीट मळली, जोडाची जागा बोटानं ओली केली आणि शिंग बसलं. मध्ये कुणी काही सांगितलं नव्हतं.

मूल असं हातानं शिकतं, हे ओळखून त्यावर शाळा उभारली फ्रेडरिक फ्रोबेल यांनी. 1837 मध्ये जर्मनीत त्यांनी चेंडू, लाकडी ठोकळे असं साहित्य मुलांपुढे ठेवलं. 1907 मध्ये मारिया माँटेसरींनी रोमच्या गरीब वस्तीत लहान मुलांची शाळा काढली. तो विचार आपल्याकडे रुजवला गिजुभाई बधेका यांनी, 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर काढून. ताराबाई मोडक तिथेच त्यांच्यासोबत काम करत होत्या.

मला या साऱ्यात ताराबाईंचं काम सर्वांत मोलाचं वाटतं. माँटेसरीचं साहित्य महाग, खेड्याला न परवडणारं. 1945 मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालवाडी सुरू केल्यावर त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी बिया, पानं, शंख-शिंपले, खडे हेच साहित्य केलं. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ ही कल्पना तिथली. पुढे जवळच्या कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच भरणारी कुरणशाळा निघाली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आज आपल्या गावातल्या अंगणवाडीत पोरं चिंचोके मोजतात, त्याची मुळं अशी बोर्डीत आहेत.

पण चिंचोके तीन वर्षांखालच्या मुलाला देऊ नयेत, सागरगोटेही नकोत. जुनं म्हणून सगळंच बिनधोक नसतं. त्या वयात हाती येईल ते तोंडात जातं आणि घशात अडकतं. सुटे भाग तपासायला प्रयोगशाळेत साधारण 32 मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. खेळणं किंवा त्याचा तुकडा तीत पुरता मावला, तर ते लहानग्यांसाठी नाही. बटणासारखा सेल असेल, तर त्याचं झाकण स्क्रूनं बंद हवं. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे. तेव्हा जत्रेत घेताना खोक्यावर ती आधी शोधावी.

चाकांच्या वॉकरबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे: घेऊ नये. मूल त्यात बसून पायाच्या चवड्यांनी ढकलत पळतं, उंबऱ्यावरून, जिन्यावरून कोसळतं. कॅनडानं 2004 मध्ये त्यावर बंदी घातली. आमच्या माळ्यावर आजीच्या वेळचा लाकडी पांगुळगाडा होता. तो धरून मुलाला स्वतःच्या पायांवर उभं राहावं लागतं, तोल सांभाळत ढकलावं लागतं. दिवाळीत तो खाली काढला, खिळे ठोकले, कडा पॉलिश कागदानं घासल्या. आता धाकटी पुतणी तो धरून सोप्यातून परड्यापर्यंत जाते.