गरम झऱ्यांचे पाणी: गुण खनिजांचा की उष्णतेचा?

थंडीच्या दिवसांत नागपुरातून सालबर्डी, उनकेश्वर किंवा छिंदवाडा जिल्ह्यातील अनहोनी येथील गरम कुंडांवर जाणाऱ्यांपैकी अनेकांची अशी समजूत असते की, जमिनीखाली गंधक जळत असते आणि म्हणूनच हे पाणी तापते व औषधी होते. प्रत्यक्षात पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढत जाणाऱ्या भूगर्भातील उष्णतेने तापते आणि वाटेतील खडकांचे क्षार विरघळवून घेत भ्रंशरेषांवाटे, म्हणजे खडकांतील मोठ्या तड्यांवाटे, वर येते. ही उष्णता जुन्या ज्वालामुखीचीही नव्हे: ज्या लाव्हारसापासून नागपुरातील सीताबर्डीची टेकडी घडली, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा असून केव्हाच निवला आहे.

गळ्यापर्यंत पाण्यात उभे राहिल्यास गुडघ्यांवर शरीराच्या वजनाचा जेमतेम दहावा हिस्सा येतो. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, स्नायू सैलावतात आणि आखडलेले सांधे काही काळ मोकळे होतात. हा लाभ खरा आहे. मात्र त्याचे श्रेय खनिजांना कितपत द्यावे, हे ठरवणे कठीण आहे, कारण त्वचेचा बाह्य थर विरघळलेले क्षार फारसे आत जाऊ देत नाही. सांध्यांच्या झिजेवरील खनिजस्नानाच्या चाचण्यांचा, वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २००७ मध्ये आढावा घेतला, तेव्हा काहीच उपचार न करण्यापेक्षा असे स्नान बरे ठरले, परंतु पुरावा कमकुवतच होता. चाचणी निःपक्ष होण्यासाठी आपल्याला कोणता उपचार मिळतो आहे हे रुग्णाला कळता कामा नये; पण गंधकाचा वास येणाऱ्या पाण्यात बसलेल्या रुग्णापासून ते लपवणार तरी कसे? त्वचारोगांबाबत गंधकयुक्त मलमांचा उपयोग मान्य असला, तरी त्यावरून कुंडातील पाणीही तसेच गुणकारी असेल, असे म्हणता येत नाही. गजकर्ण झालेल्याचा टॉवेल इतरांनी वापरल्यास तर रोग पसरतोच.

पाणी ४० अंशांहून अधिक गरम असल्यास त्यात फार वेळ बसू नये. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांना बाहेर येताना भोवळ येऊ शकते. गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत शरीराचे तापमान फार वाढल्यास गर्भाच्या मज्जासंस्थेला धोका संभवतो. तर मधुमेहामुळे पायांची संवेदना गेलेल्या व्यक्तीला चटका बसल्याचे कळतही नाही, म्हणून पाणी आधी दुसऱ्या कोणीतरी हाताने तपासावे. बंदिस्त न्हाणीघरात गंधकयुक्त पाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साचू शकतो आणि तो वाढल्यावर नाक बधिर होते, त्यामुळे वास थांबणे ही सुरक्षिततेची खूण मानू नये.

सर्वांत दुर्मीळ, पण जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरणारा धोका नेग्लेरिया फाउलेरी या अमिबाचा आहे. तो ४६ अंशांपर्यंतच्या पाण्यात वाढतो आणि नाकावाटे मेंदूत शिरतो. पाणी गिळल्याने त्याची लागण होत नाही. म्हणून कुंडात डोके बुडवू नये आणि मुलांना उड्या मारू देऊ नयेत. नाकात पाणी गेल्यानंतर साधारण १२ दिवसांच्या आत तीव्र डोकेदुखी, ताप, उलट्या किंवा मान आखडणे अशी लक्षणे दिसल्यास तातडीने रुग्णालय गाठावे आणि गरम कुंडात स्नान केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.