‘की सापडत नाही’ म्हणजे नेमकं काय सापडत नाही?

गाडी लिफ्टवर चढलेली, गाडीतले दोष वाचणाऱ्या स्कॅनरची केबल डॅशबोर्डखालच्या १६ पिनांच्या सॉकेटात खोचलेली, आणि लॅपटॉप म्हणतो, ‘लायसन्स की सापडत नाही’. लायसन्सची की म्हणून मिळालेला डोंगल तर समोर यूएसबीत बसलाय, दिवाही लागलाय!

डोंगल दिसतो पेनड्राइव्हसारखा, पण त्याचं काम वेगळं. त्याच्या चिपमध्ये एक गुप्त आकडा कोंडलेला असतो. सॉफ्टवेअर दरवेळी नवीनच काहीतरी संख्या पाठवतं, चिप त्या गुप्त आकड्याच्या आधारे गणित करून उत्तर देते. गुपित स्वतः कधी बाहेर पडत नाही आणि कालचं उत्तर आज चालत नाही. हे सवालजवाब यूएसबी पोर्ट, ड्रायव्हर (संगणकाला डोंगलशी बोलायला शिकवणारं छोटं सॉफ्टवेअर) आणि पडद्यामागे चालणारी लायसन्स सर्व्हिस अशा तीन दारांतून होतात. एक दार जरी बंद असलं तरी संदेश तोच, ‘सापडत नाही’. म्हणून तो वाचून थेट नवा डोंगल मागवणं मला घाईचं वाटतं. दिव्यावरही विसंबू नये. काहींचा नुसत्या ५ व्होल्टवर लागतो, काहींचा ड्रायव्हरशी ओळख पटल्यावरच.

सेंटिनेल या ब्रँडच्या डोंगलसाठी एक सोपी खूण आहे. त्यांची सर्व्हिस त्याच संगणकावर १९४७ क्रमांकाच्या नेटवर्क पोर्टवर एक पान उघडून देते. ब्राउझरमध्ये localhost:1947 असं टाकलं की झालं. तिथे की दिसली, तर यूएसबी पोर्ट आणि ड्रायव्हर ठीक आहेत, गडबड लायसन्समध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये. पानच उघडलं नाही, तर सर्व्हिस बंद पडलीय किंवा फायरवॉलने अडवलीय. पान उघडलं पण की नाही, तर यूएसबी हब काढून डोंगल थेट लॅपटॉपला लावून बघावा. लांबून, रिमोट डेस्कटॉपवरून काम करत असाल तर नकार मुद्दामही मिळतो, कारण एका कीवर अनेकांनी काम उरकू नये.

डोंगल नसेल तेव्हा सॉफ्टवेअर मदरबोर्ड, डिस्कचा सिरीयल नंबर, नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (त्याचा ओळखक्रमांक) यांतून संगणकाचा ठसा घेतं. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली की ठसा बदलतो. तुमच्या लेखी लॅपटॉप तोच असतो, सॉफ्टवेअरच्या लेखी नवा. असा बदल करण्याआधी लायसन्स त्या संगणकावरून मोकळं करून घेतलं तर फोनाफोनी वाचते.

सगळ्यात चकवणारा दोष मात्र घड्याळाचा. मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मुदतीची लायसन्सं शेवटची पाहिलेली तारीख लक्षात ठेवतात. घड्याळ मागे दिसलं की मुदत चुकवायला कोणीतरी काटे फिरवलेत, असाच त्यांचा समज होतो. इथे तारीख नीट केली की बहुधा भागतं. उलटं झालं तर पंचाईत. तारीख चुकून दहा वर्षं पुढे गेली आणि त्याच वेळी सॉफ्टवेअर उघडलं, तर नंतरची खरी तारीखही त्याला मागे नेलेलीच वाटते. मग स्क्रू ड्रायव्हर ठेवायचा आणि कंपनीकडून लायसन्स नव्याने लिहून घ्यायचं.