गर्द हिरवी खोली

गर्द हिरवी खोली : खोलीच्या चारही भिंती, क्वचित छतही, गडद हिरव्या रंगात रंगविण्याची पद्धत. बॉटल ग्रीन, शेवाळी, मेंदी या तिच्या परिचित छटा. येथे सातारा-सांगली भागातील चुन्याच्या भिंतींच्या संदर्भात विचार केला आहे.

ही रीत वाड्यांतून आली, असे म्हणण्याकडे कल असतो आणि त्यासाठी वाईजवळच्या मेणवली येथील नाना फडणवीसांच्या वाड्यातील भित्तिचित्रांकडे बोट दाखवता येते. तथापि चित्रातला हिरवा आणि अख्ख्या भिंतीचा हिरवा या वेगळ्या गोष्टी होत. दख्खनमधील सर्वांत जुना हिरवा म्हणजे हिरवी माती; अजिंठ्याच्या चित्रांत ती वापरलेली आहे. तिचे खनिज ग्लॉकोनाइट की सेलॅडोनाइट, याविषयी लेखनात एकवाक्यता नाही. ग्लॉकोनाइट मुख्यतः सागरी गाळात तयार होते, तर सेलॅडोनाइट बेसाल्टच्या पोकळ्यांत. सह्याद्रीचा खडक बेसाल्ट असल्याने सेलॅडोनाइटचा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. ही माती चुन्यात टिकते, पण तिची रंगशक्ती क्षीण असते. तिने राखाडीकडे झुकणारा फिका हिरवाच मिळतो.

खरी अडचण चुन्याची आहे. चुना स्वतः पांढरा, त्यामुळे त्यात मिसळलेला कोणताही रंग फिकटतो. रंगद्रव्य कोरड्या चुन्याच्या साधारण दहाव्या भागापेक्षा वाढविले, तर पकड सैल होऊन रंग हाताला लागू लागतो. म्हणून निव्वळ सफेदीत पोपटी किंवा पिस्ता साधतो, गर्द हिरवा नाही. दुसरी अडचण क्षारतेची. प्रशियन निळा (शोध १८ व्या शतकाच्या प्रारंभी) व क्रोम पिवळा यांच्या मिश्रणाचा गडद हिरवा तैलरंगांत दीर्घकाळ चालला. परंतु ओल्या चुन्यावर त्यातील निळा विघटित होतो आणि भिंत तपकिरी पडते. क्रोमियम ऑक्साइडच्या हिरव्याला ही भीती नाही. १९३० च्या दशकात आलेला थॅलोसायनिन हिरवा (एक कृत्रिम रंगद्रव्य) हाही क्षार सहन करतो आणि थोड्या मात्रेत खोल छटा देतो. यावरून येथील गर्द हिरवी खोली ही तैलरंगांनंतरची, फार तर १९ व्या शतकाच्या उत्तरार्धापासूनची मानणे सुरक्षित ठरते.

यूरोपात हा रंग विषारीही ठरला. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ कार्ल शेले यांनी १७७५ मध्ये तांबे व आर्सेनिक यांपासून हिरवा रंग बनविला. पुढे तो भिंतीच्या कागदांवर पसरला. दमट भिंतीवरील बुरशी त्यातून विषारी वायू सोडते, असे इटालियन वैज्ञानिक बार्तोलोमेओ गोसिओ यांनी १८९० च्या दशकात दाखविले. तो वायू ट्रायमिथिल आर्साइन असल्याचे नंतर निश्चित झाले. मात्र अलीकडचे मत असे, की हा वायू समजला जात होता तितका घातक नाही. कागदावरून सुटणारी धूळ हे विषबाधेचे कारण अधिक संभवनीय दिसते.

आजच्या घरात ॲक्रिलिक इमल्शन रूढ आहे. जुन्या चुन्याच्या भिंतीवर तैलरंग लावल्यास तेलाचा क्षारांशी साबण होतो, ओल आत कोंडते व पापुद्रे सुटतात. वाई, महाबळेश्वर, पाटणकडील पावसात हे लवकर दिसते. सांगलीत २०१९ च्या महापुराचे पाणी शिरलेल्या घरांसारख्या ठिकाणी भिंत पूर्ण वाळण्याआधी रंग देणे हानिकारक; लोण्याचे (भिंतीतून बाहेर येणाऱ्या क्षारांचे) पांढरे डाग गडद हिरव्यावर फार उठून दिसतात.

पांढरी भिंत सुमारे ८० टक्के प्रकाश परावर्तित करते, गर्द हिरवी बहुधा १० टक्क्यांहून कमी. त्यामुळे अंधाऱ्या माजघरापेक्षा खिडक्यांच्या खोलीला हा रंग मानवतो. नमुन्याचा पट्टा भिंतीवरच ओढून तो दिवसा व दिव्याखाली पाहावा, कारण पिवळ्या दिव्यात अनेक छटा काळपट होतात. जुना हिरवा थर कोरडा घासू नये. कारण त्यात क्रोम पिवळा असू शकतो आणि क्रोम पिवळ्यात शिसे असते. घरगुती रंगांतील शिशावर भारतात ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली.