टमी टक, मिनी टमी टक आणि लायपोसक्शन : निवड

सुटलेले पोट सपाट करण्याच्या तीन प्रचलित शस्त्रक्रिया. यांपैकी कोणती योग्य, हे पोटाच्या घेरावर ठरत नाही. घेर कशामुळे वाढला यावर ठरते. बाहेरून आत जाताना आधी कातडी, मग चरबी, मग स्नायूंची भिंत लागते. त्याही आत, आतड्यांभोवती, चरबीचा आणखी एक साठा असतो. लायपोसक्शन फक्त कातडीखालची चरबी ओढून काढते. टमी टकमध्ये कातडी, चरबी आणि स्नायू अशा तिन्हींवर काम होते. आतल्या साठ्यापर्यंत मात्र कोणतीच पोहोचत नाही.

हातपाय काटकुळे आणि पोट नगाऱ्यासारखे टणक, अशी पुरुषांची ढेरी रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही नाक्यावर दिसते. ती चिमटीत येत नाही, कारण तिचा ऐवज स्नायूंच्या आत असतो. अशांना या तिन्ही शस्त्रक्रियांचा फारसा उपयोग नाही. भारतीयांत कमरेचा घेर पुरुषांना 90 सेंमी आणि स्त्रियांना 80 सेंमीच्या वर गेला की मधुमेह-हृदयविकाराची काळजी सुरू होते. तिथे आहार, चालणे आणि रक्ततपासणी हाच रस्ता.

बाळंतपणानंतरचे पोट वेगळे. उताणे झोपून, गुडघे दुमडून डोके थोडे उचलले की बेंबीच्या वरखाली मधोमध उभा फुगवटा येतो. दोन्ही उभे स्नायू एकमेकांपासून फाकल्याची ही खूण. डॉक्टरी भाषेत डायास्टेसिस रेक्टाय. फट साधारण 2 सेंमीहून रुंद असली तर ती डायास्टेसिस धरली जाते. बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत ती बरीचशी आपोआप भरते, व्यायामानेही फरक पडतो. म्हणून घाई करू नये. जुन्या लुगड्याच्या पट्ट्याने बाळंतिणीचे पोट बांधायची रीत कोकणात आहे. त्याने कमरेला आधार मिळतो, बरे वाटते, पण ताणून सैल झालेली कातडी आवळत नाही.

सिझेरियनच्या व्रणावर ओटीपोटाची घडी छज्जासारखी लोंबू लागली तर प्रश्न रूपापुरता राहत नाही. जून ते सप्टेंबर दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, तिथे घडीतली ओल कुठून सुकणार? खाज, कातडी सोलवटणे, गजकर्ण हे दर पावसाळ्यात ठरलेले. इथे चरबी ओढून भागत नाही. कातडी सैल असताना लायपोसक्शन केले तर ती रिकाम्या पिशवीसारखी अधिकच लोंबते. वजन आटोक्यात, कातडी तुकतुकीत आणि चरबी ठरावीक जागी साठलेली, अशांसाठी ते चांगले. 1980 च्या दशकात अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी सलाइनमध्ये भूल आणि रक्तवाहिन्या आकुंचित करणारे औषध मिसळून ते चरबीत भरण्याची पद्धत आणली. त्यामुळे रक्तस्राव बराच कमी झाला.

पूर्ण टमी टकमध्ये एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत छेद घेतात, कातडी बरगड्यांपर्यंत उचलतात, फाकलेले स्नायू शिवतात आणि जास्तीची कातडी कापून टाकतात. बेंबी आपल्या देठावर जागीच राहते. खाली ओढलेल्या कातडीत तिच्यासाठी नवे भोक पाडतात. मिनीमध्ये छेद आखूड असतो, काम मुख्यतः बेंबीच्या खालीच होते आणि बेंबीभोवती छेद घेत नाहीत. ‘मिनी’ या नावाने पुष्कळजणी भुलतात. सैलपणा फक्त ओटीपोटात असेल तरच ती पुरते. वरचे पोटही सुटलेले असताना केली तर दुधाची तहान ताकावर. वजन काही महिने स्थिर हवे आणि पुढे मूल नको असावे, नाहीतर शिवलेले पुन्हा ताणते. वजन उतरवण्यासाठी तर यांपैकी काहीच नाही.

मशेरीचा मुद्दा कोकणात वेगळा सांगावा लागतो. ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले की ‘नाय’ म्हणणारी बाई सकाळ-संध्याकाळ मशेरी लावत असते, कारण ती तिच्या लेखी दात घासण्याची वस्तू. पण मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. उचललेली कातडी आधीच थोड्या रक्तपुरवठ्यावर तगत असते, तिच्या कडा काळ्या पडून सडतात. धोका पूर्ण टमी टकमध्ये सर्वाधिक. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर किमान चार आठवडे मशेरी बंद हवी.

पूर्ण टमी टकनंतर पहिला आठवडा कमरेत वाकून चालावे लागते आणि सुमारे सहा आठवडे जड उचलता येत नाही. म्हणजे विहिरीवरून कळशी आणणे नाही, लावणी नाही, आडाळ्यावर बसून मासे कापणेही नाही. लायपोसक्शननंतर बहुतेकजण आठवड्याभरात हलक्या कामाला लागतात. शस्त्रक्रिया मुंबई, पुणे, कोल्हापूर किंवा गोव्यात करून लगेच गाडीत तासन्‌तास बसणे मात्र धोक्याचे. पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. एका पोटरीला सूज व दुखणे, किंवा अचानक धाप लागली तर जवळचे रुग्णालय गाठावे. कातडीखाली पाणी साठले तर ते सुईने काढावे लागते. ते गावाजवळ कोण करील हे आधीच ठरवून ठेवावे.

केवळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विमा सहसा देत नाही. पित्ताशयाच्या जुन्या उघड्या शस्त्रक्रियेचा व्रण उजव्या बरगडीखाली असेल तर सर्जनला आवर्जून दाखवावा, कारण तिथला रक्तपुरवठा आधीच तुटलेला असतो. सिझेरियनचा व्रण बहुधा काढलेल्या कातडीबरोबर जातो आणि त्या जागी त्याहून बराच लांब नवा येतो. तो फिका व्हायला वर्षभर लागते. साडी नेसणाऱ्या बाईने परकराची नाडी कुठे बांधते ते छेद आखण्यापूर्वी उभे राहून दाखवावे. नाडी नेमकी व्रणावर आली तर ती रोज घासत राहते.