सर्वश्रेष्ठ रॉक गिटारिस्ट कोण? खान्देशातल्या वादाची पार्श्वभूमी

जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात रॉक ऐकणारे कधीच फार नव्हते. पण वादाला दोन माणसं पुरतात, आणि तेवढी इथे नेहमीच होती. जिमी हेंड्रिक्स की एरिक क्लॅप्टन, लेड झेपेलिनचा जिमी पेज की पिंक फ्लॉइडचा डेव्हिड गिल्मर, आणि या सगळ्यांत एडी व्हॅन हेलनला कुठे बसवायचं, हा वाद इथे तीसेक वर्षं चालू आहे. बाहेरच्यांना मात्र इथली उत्तरं जरा विचित्र वाटतात. कारण साधं आहे. जगात हे वादक ज्या क्रमाने आले, त्याच्या जवळपास उलट्या क्रमाने ते खान्देशात पोचले.

मूळ भांडण लंडनचं. साठच्या दशकात तिथल्या भिंतीवर कुणीतरी ‘क्लॅप्टन इज गॉड’ असं रंगवलं. सप्टेंबर १९६६ मध्ये हेंड्रिक्स लंडनला आला आणि भक्तांची पंचाईत झाली. क्लॅप्टन, जेफ बेक आणि पेज हे तिघेही यार्डबर्ड्स या एकाच बँडमधून गेलेले, त्यामुळे तुलना टाळणं शक्यच नव्हतं. १९७० मध्ये २७व्या वर्षी हेंड्रिक्स गेला. १९७२ मध्ये पेज आणि त्याच्या बँडचा गायक प्लांट मुंबईत येऊन इथल्या वादकांना घेऊन रेकॉर्डिंग करून गेले. मुंबईहून रात्री निघालेली गाडी पहाटे भुसावळला पोचते, पण ही बातमी पोचायला पुढची वीसेक वर्षं लागली.

त्या काळात खान्देशाला तारेचं विजेवर वाजणारं वाद्य माहीत होतं ते एकच, बेंजो. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत, अँग्लो-इंडियन घरांत आणि चर्चमध्ये गिटार होती, पण ती साथीची. वरातीत गाडीवर बसून बेंजोवाला भोंग्यातून जे काढायचा, त्यात वेग होता, चिरका आवाज होता आणि एकेक सूर खेचून धरण्याची हौसही होती. भोंगा फाटल्यासारखा वाजला की नाचणारे जास्त खुलायचे. इथल्या कानांना डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाटवलेला आवाज, शिकवावं लागलं नाही, ते लग्नातच शिकून झालं होतं. इथे वेगवान वादकांची बाजू पहिल्यापासून वरचढ का राहिली, याचं माझ्या मते हे एक कारण आहे. संगीताच्या जाणकारांना ते पटत नाही, पण त्यांनी आमच्याकडची वरात बघितलेली नसते.

खरी सुरुवात १९९१ नंतरची. केबलवर परदेशी संगीत वाहिनी दिसू लागली आणि चर्चच्या अंगणात उभं राहून सोलो, म्हणजे गाण्यातला गिटारचा खास तुकडा, वाजवणारा गन्स अँड रोझेसचा स्लॅश घराघरांत आला. डोक्यावर टोपी, तोंडात सिगारेट, चेहरा केसांत. त्याच सुमाराला मुंबईहून डायर स्ट्रेट्सच्या मार्क नॉफ्लरच्या कॅसेटी यायला लागल्या. पिक, म्हणजे तार छेडायची चकती, न घेता नुसत्या बोटांनी वाजवणारा हा माणूस इथल्या क्लासवाल्यांना फार आवडला, कारण क्लासमध्ये पिक सारखे हरवायचे. मग ईगल्स या बँडचं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’. कुणाच्या हातात गिटार दिसली की याचीच फर्माईश व्हायची, अजूनही होते. वादाच्या दृष्टीने मात्र हे गाणं निरुपयोगी ठरलं. त्यातला सोलो फेल्डर आणि वॉल्श या दोघांनी मिळून वाजवलेला, मग मत द्यायचं कुणाला?

क्लॅप्टन आला तो १९९२ च्या ‘अनप्लग्ड’ या बिनविजेच्या गिटारच्या कार्यक्रमातून. खुर्चीवर बसलेला, चष्मा लावलेला, साधी गिटार घेतलेला शांत गृहस्थ. याला कधी काळी लोक देव म्हणत होते हे इथल्या पोरांना पटेना. क्रीम या साठच्या दशकातल्या बँडमधलं त्याचं वाजवणं त्यांनी ऐकलेलंच नव्हतं.

आणि हेंड्रिक्स सगळ्यात शेवटी. तोही दीडशे गाणी कोंबलेल्या एमपी थ्रीच्या सीडीवर, कॉम्प्युटरच्या डबड्या स्पीकरमधून. फीडबॅक, म्हणजे स्पीकरसमोर गिटार धरून काढलेली किंचाळी, हा बिघाड समजून सीडी परत करायला निघालेले लोक मला माहीत आहेत. या सीड्यांवर नावांचा घोळही भयंकर असायचा. एकाचा सोलो दुसऱ्याच्या नावावर चढलेला, आणि त्यावर तावातावाने भांडणं झालेली.

अशा तापल्या तव्यावर २००३ ची यादी पडली. एका अमेरिकन संगीत नियतकालिकाने शंभर महान गिटारिस्टांची क्रमवारी छापली. जळगावात ती सायबर कॅफेच्या प्रिंटआउटवरून फिरली, आणि आजही इथला वाद त्या कागदाला बांधलेला आहे. पहिला हेंड्रिक्स, दुसरा ड्वेन ऑलमन, तिसरा बी. बी. किंग, चौथा क्लॅप्टन. इथपर्यंत ठीक. निर्वाणा बँडचा कर्ट कोबेन बाराव्या क्रमांकावर. गिल्मर ८२वा. आणि एडी व्हॅन हेलन ७०वा.

धुळ्याकडच्या एका हॉस्टेलमध्ये कागद वाचून झाल्यावर पहिला प्रश्न आला होता, “मंग बाकीना ६९ कोन शेतस?”

प्रश्न रास्त होता. व्हॅन हेलनने १९७८ च्या पहिल्याच अल्बमवर १ मिनिट ४२ सेकंदांचा एक तुकडा वाजवला. त्यात उजव्या हाताची बोटं थेट गिटारच्या मानेवरच्या पट्टीवर आपटून सूर काढलेत, यालाच टॅपिंग म्हणतात. टॅपिंग त्याने शोधलं नाही, आधीही काही जण ते करत होते. पण त्या तुकड्यानंतर जगभरची पोरं गिटारकडे दोन्ही हातांनी बघायला लागली. खान्देशाशी त्याचं नातं आणखी वेगळं होतं. मायकल जॅक्सनच्या ‘बीट इट’मधला सोलो त्याचा, तोही फुकट वाजवून दिलेला. गॅदरिंगमध्ये त्या गाण्यावर नाचलेल्या ज्या पोरांना रॉक हा शब्दही माहीत नव्हता, त्यांनी व्हॅन हेलन ऐकलेला होता. असा माणूस ७०वा आणि कोबेन १२वा!

त्या यादीची बाजूही सांगायला हवी. ती एका समीक्षकाची निवड होती, मतदान नव्हतं. हाताचं कसब किती, यापेक्षा कुणामुळे पुढचं संगीत बदललं, याला त्यात वजन दिसतं. त्या मापाने कोबेन वर येतो हे मान्य. पण तेच माप व्हॅन हेलनला लावलं तर तो ७०वर कसा राहतो, याचं उत्तर त्या यादीच्या समर्थकांकडून मला आजवर मिळालेलं नाही. आणखी एक गोष्ट तेव्हा इथे कुणाच्या लक्षातही आली नव्हती. शंभरांत बाया फक्त दोन होत्या, जोनी मिचेल आणि जोन जेट. स्लॅश का नाही यावर रात्र घालवणाऱ्यांना हे दिसलं नाही.

२०११ मध्ये त्याच नियतकालिकाने नवी यादी केली, या वेळी वादकांकडून आणि जाणकारांकडून मतं मागवून. व्हॅन हेलन थेट आठवा, गिल्मर १४वा, कोबेन ७३वा. हेंड्रिक्स, क्लॅप्टन, पेज, कीथ रिचर्ड्स आणि बेक हे पहिले पाच. आठ वर्षांत यांपैकी कुणीही नव्याने वाजवायला शिकलं नव्हतं. बदलले होते ते क्रम लावणारे. आमच्याकडे मात्र या यादीचा निकाल वरच्या कोर्टाचा म्हणून स्वीकारला गेला, कारण तो आपल्या बाजूने लागला होता.

दोन्ही याद्यांत हेंड्रिक्स पहिलाच राहिला, त्यामुळे इथला वाद बराच काळ दुसऱ्या क्रमांकावरूनच व्हायचा. पहिल्याला नुसता नमस्कार. त्याच्याबद्दल मनापासून बोलायला लोक लागले ते २०१६ नंतर, डेटा स्वस्त झाल्यावर. १९६९ च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवाचं चित्रण मोबाइलवर आलं. उजव्या हाताची गिटार उलटी धरून तो अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवतोय आणि मध्येच सुरांतून विमानं, स्फोट, किंकाळ्या काढतोय. ज्याला बिघाड समजलो तो आवाज मुद्दाम काढलेला होता हे कळायला डोळ्यांनी बघावं लागलं. बेंजोवर वाढलेल्या मंडळींपैकी काही जण तेव्हा पक्ष बदलून गेले.

ऑक्टोबर २०२० मध्ये व्हॅन हेलन गेला, जानेवारी २०२३ मध्ये बेक. त्याच वर्षी तिसरी यादी आली, या वेळी अडीचशे जणांची. हेंड्रिक्स पहिला, चक बेरी दुसरा, पेज तिसरा, व्हॅन हेलन चौथा, बेक पाचवा. सिस्टर रोझेटा थार्प सहावी, जोनी मिचेल नववी. वीस वर्षांत ७० वरून चौथा, म्हणजे इथल्या एका गटाच्या दृष्टीने खटला निकाली निघाला.

दुसऱ्या गटाचा मात्र आता नव्याने सुरू झालाय. २०११ मध्ये दुसरा असलेला क्लॅप्टन या यादीत ३५वा आहे. भुसावळकडचे जुने क्लॅप्टनवाले म्हणतात, त्याच्या कोविड काळातल्या लसविरोधी वक्तव्यांचा राग त्याच्या गिटारवर काढला. समोरचे म्हणतात, भो, आमच्या माणसाला ७०वा टाकला तेव्हा तुम्ही कुठे होता? थार्प आणि मिचेल इतक्या वर कशा, यावरही कुरकुर आहे, पण ती करणाऱ्यांपैकी थार्पचं वाजवणं ऐकलेला एकही जण मला अजून भेटलेला नाही.